गाइड डॉगला पत्ता माहीत नसतो

अंध व्यक्ती गाइड डॉगबरोबर भराभर चालत गेली की बघणाऱ्याला वाटतं, कुत्रा तिला बँकेत घेऊन चाललाय. तसं नसतं. बँक कुठे आहे, वाटेत किती चौक लागतात, कुठे वळायचं, सिग्नल कधी सुटला, हे सगळं त्या व्यक्तीलाच ठाऊक असावं लागतं. कुत्र्याचं काम पुढच्या दहा-पंधरा पावलांपुरतं असतं. आडवी लावलेली सायकल, खोदलेला खड्डा, कपाळाला लागेल अशी फांदी, फूटपाथची कड, वळून अंगावर येणारी गाडी, एवढं त्याने बघायचं. वाट माणसाची, नजर कुत्र्याची. ही वाटणी ध्यानात आली की पुढचं बरंच आपोआप उलगडतं. चालत्या गाइड डॉगला चुचकारू नये असं का म्हणतात, त्याचं खाणं वजनकाट्यावर मोजून का देतात, आणि आपल्याकडच्या रस्त्यांवर ही जोडी चालणं इतकं अवघड का आहे, हेही.

सर्व्हिस डॉगचे प्रकार पुष्कळ आहेत. कमी ऐकू येणाऱ्याला दारावरची बेल कळवणारे, मधुमेही माणसाची साखर उतरू लागली की सावध करणारे, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पडलेली वस्तू उचलून देणारे. इथे फक्त दृष्टिहीन व्यक्तींच्या गाइड डॉगबद्दल लिहिलं आहे, कारण या कामाची पद्धत सगळ्यात जुनी आणि सगळ्यात पक्की बसलेली आहे.

पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग इथे अशी पहिली शाळा निघाली. डोरोथी युस्टिस ही अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्री तयार करायची. तिने जर्मनीतल्या या कामावर १९२७ साली एक लेख लिहिला. तो वाचून घेतल्यावर मॉरिस फ्रँक या अंध अमेरिकन तरुणाने तिला पत्र पाठवलं, १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला आणि बडी नावाची कुत्री घेऊन परतला. १९२९ साली दोघांनी मिळून ‘द सीइंग आय’ ही संस्था काढली. ती आज न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनला आहे. त्या बाजूला राहणारी मराठी मंडळी दुकानांसमोरच्या फूटपाथवरून हार्नेस घातलेली तरुण कुत्री आणि त्यांचे प्रशिक्षक जाताना नेहमी पाहत असतील. ब्रिटनमध्ये पहिल्या चार जोड्या १९३१ साली वॉलसीत तयार झाल्या.

हार्नेस हातात घेतल्यावर

गळपट्टा, दोरी आणि हार्नेस या तीन वेगळ्या वस्तू आहेत. हार्नेसमध्ये छातीवरून जाणारा एक पट्टा, पुढच्या पायांच्या मागे पोटाखालून आवळायचा दुसरा पट्टा आणि पाठीवर उभी राहणारी इंग्रजी यू आकाराची ताठ मूठ असते. कुत्रा डाव्या बाजूला चालतो, मूठ डाव्या हातात, दोरीही त्याच हाताच्या बोटांत अडकवलेली. उजवा हात मोकळा हवा, कारण कठडा धरायला, दार उघडायला आणि कुत्र्याला दिशेची खूण करायला तोच लागतो. म्हणून गाइड डॉग वापरणारे लोक खांद्यावरच्या पिशवीऐवजी पाठीवरची सॅक घेतात.

कुत्रा चालताना किंचित पुढे ओढतो, आणि ही ओढ ताठ मुठीतून हातात येते. साध्या दोरीतून ती येत नाही. ओढ डावीकडे गेली म्हणजे तो अडथळ्याला वळसा घालतोय. ओढ मंदावली म्हणजे पुढे गर्दी किंवा उतार. ओढ एकदम संपली म्हणजे पायरी, कड किंवा बंद वाट. मुठीतली हालचाल न बघता वाचता येणं हे नव्या माणसाचं पहिलं मोठं शिक्षण असतं, आणि त्यात बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी. भीतीने मूठ घट्ट आवळली किंवा मागे खेचली की कुत्र्याला वाटतं थांबायला सांगताहेत, तो रेंगाळू लागतो, माणसाला आणखी भीती वाटते. हात सैल, कोपर अंगालगत, मूठ नुसती बोटांवर तोललेली, असं धरायचं असतं. मुठीची लांबी माणसाची उंची आणि कुत्र्याची उंची दोन्ही बघून ठरवतात. मूठ आखूड पडली तर माणूस वाकून चालतो आणि कंबर धरते. लांब पडली तर वळणं उशिरा कळतात.

पोटाखालच्या पट्ट्यात दोन बोटं सपाट सरकली पाहिजेत. त्याहून घट्ट झाला तर पुढच्या पायांच्या काखेत केस झडून कातडी लाल होते. सैल राहिला तर हार्नेस एका बाजूला घसरतो आणि सरळ चालणाऱ्या कुत्र्याची ओढसुद्धा तिरकी जाणवते. रोज हार्नेस काढल्यावर त्या जागेवरून बोटं फिरवायची.

हार्नेस चढला म्हणजे काम सुरू, उतरला म्हणजे सुट्टी. हे कुत्र्याला इतकं स्वच्छ कळतं की घरात चेंडूमागे धावणारा, सोफ्याखाली तोंड घालणारा तोच कुत्रा हार्नेस पुढे धरला की आपणहून डोकं आत घालतो आणि शांत होतो.

एक चौक ओलांडताना

कुत्रा सिग्नलचा रंग बघून रस्ता ओलांडत नाही. कुत्र्याच्या डोळ्यांना निळा आणि पिवळा वेगळा दिसतो, लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ दिसतच नाही. चौकात निर्णय माणसाचा असतो आणि तो कानांनी घ्यायचा असतो.

सिग्नल असलेला चौक घ्या. फूटपाथची कड आली की कुत्रा थांबतो. माणूस उजवा पाय पुढे सरकवून कड चाचपतो आणि कुत्र्याला शाबासकी देतो. शाबासकी विसरायची नाही. ती चुकली तर काही दिवसांनी कुत्रा कडेवर नीट थांबेनासा होतो. मग ऐकायचं. गाड्यांचे दोन प्रवाह असतात, एक आपल्यासमोरून आडवा जाणारा आणि एक आपल्या खांद्याला समांतर, आपल्याच दिशेने जाणारा. आडवा प्रवाह थांबतो, क्षणभर शांतता होते आणि समांतर गाड्यांची इंजिनं एकदम उठतात. तोच क्षण. समांतर गाड्या आधीच सुटलेल्या असताना कडेवर येऊन पोचलो असू तर त्या वेळी निघायचं नाही, कारण हिरव्याचे किती सेकंद उरलेत ते कळायला मार्ग नसतो. एक फेरी जाऊ द्यायची आणि पुढच्या उठावाला ‘फॉरवर्ड’ म्हणून हात पुढे करायचा.

कुत्र्याचं खरं काम इथून पुढे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल दिव्यावरही उजवीकडे वळायला परवानगी आहे. वळणाऱ्या गाडीचा चालक डावीकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत असतो, उजवीकडे पायी निघालेल्याकडे त्याचं लक्ष नसतं. अशी गाडी आली तर ‘फॉरवर्ड’ म्हटलं तरी कुत्रा हलत नाही. रस्त्यात असेल तर जागीच थबकतो किंवा माणसाला मागे घेतो. इंग्रजीत याला ‘इंटेलिजंट डिसओबीडियन्स’ म्हणतात, मराठीत समजून मोडलेला हुकूम म्हणता येईल. गाइड डॉगच्या शिक्षणातला हा सगळ्यात अवघड भाग, कारण आधी त्याला प्रत्येक शब्द पाळायला शिकवायचं आणि मग एका ठरावीक प्रसंगी तोच शब्द न पाळायला. शाळेत प्रशिक्षकच गाडी चालवत मुद्दाम वाटेत येतात, आणि कुत्रा थांबला किंवा मागे सरला की त्याला भरपूर शाबासकी मिळते. अशा वेळी माणसाने त्याच्याशी हुज्जत घालायची नसते. कुत्रा का थांबला ते पायाने, कानाने तपासायचं. एकदा जरी रागावून पुढे ढकललं तरी पुढच्या खेपेला तो नकार द्यायला कचरेल.

रस्ता ओलांडताना जोडी तिरकी जाण्याचा धोका असतो. समोर ओळखीचं दुकान दिसलं तर कुत्र्याची ओढ तिकडे वळते. समांतर गाड्यांचा आवाज खांद्यापासून सारख्याच अंतरावर राहिला तर आपण सरळ आहोत. तो जवळ येऊ लागला तर चौकाच्या मध्यात चाललो आहोत. अंगावरून वारं आणि आवाज सतत जात राहणाऱ्या गोल चौकात हे गणितच बसत नाही, तिथे वळसा घालून दुसरा रस्ता घेणं बरं. विजेवरच्या गाड्यांनी तर ऐकण्याची पंचाईत करून ठेवली होती. म्हणून अमेरिकेत आणि युरोपात कमी वेगात असताना अशा नव्या गाड्यांनी मुद्दाम आवाज करायचा, असा नियम झाला. अमेरिकेत तो ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगापर्यंत लागू आहे.

चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी फूटपाथला केलेला उतार गाइड डॉगच्या जोडीला मात्र अडचणीचा पडतो, कारण पायाला कडच लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे उठावाच्या गोळ्या असलेल्या पिवळ्या फरश्या. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या १९६५ साली तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. मुंबई-पुण्याच्या मेट्रो स्टेशनांत दिसतात त्या याच घराण्यातल्या.

उंचावरचा अडथळा कुत्र्याला उपजत कळत नाही. फांदीखालून तो स्वतः आरामात जातो, मग थांबायचं कशाला? म्हणून शाळेत त्याला माणसाची उंची आणि माणसाची उजवी बाजू आपल्यातच धरायला शिकवतात. चूक झाली की पद्धत एकच. जिथे डोकं किंवा खांदा आपटला तिथे थांबायचं, हाताने फांदी थोपटून ‘हे बघ’ असं दाखवायचं, चार-पाच पावलं मागे यायचं आणि तोच तुकडा पुन्हा चालायचा. बरोबर झालं की लगेच शाबासकी किंवा खाऊचा एक दाणा. मारणं, ओरडणं याचा इथे काडीचाही उपयोग नाही.

नवी जागा शिकवायची असेल तर उलट्या टोकापासून सुरुवात करतात. समजा, दवाखान्याच्या दाराशी नेमकं पोचायचं आहे. दाराच्या मुठीला हात लावायचा, ‘डोअर’ म्हणायचं, कुत्र्याने नाक तिकडे नेलं की दाणा. मग तीन पावलं मागून, मग दहा, मग कोपऱ्यावरून. दोन-तीन खेपांत कुत्रा त्या दाराशी आपणहून ओढू लागतो. लोकांना ‘कुत्र्याला पत्ता माहीत आहे’ असं वाटतं ते यामुळेच. त्याला पत्ता नाही, ते एक दार माहीत झालेलं असतं.

आता पुणे, मुंबई, नाशिकचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. वरची सगळी पद्धत तीन गोष्टींवर उभी आहे. सलग फूटपाथ आणि त्याची कड, ठरल्या वेळी थांबणारे गाड्यांचे प्रवाह, आणि कामावरच्या कुत्र्याला न अडवणारा परिसर. आपल्याकडे फूटपाथ चार पावलांवर तुटतो किंवा त्यावर दुचाक्या लावलेल्या असतात, त्यामुळे कड ही खूणच विश्वासाची राहत नाही. हॉर्नच्या गोंगाटात समांतर प्रवाहाचा उठाव ऐकू येत नाही. आणि गल्लीतली भटकी कुत्री परक्या कुत्र्याला हद्दीतून सहज जाऊ देत नाहीत, तो हार्नेसमध्ये असल्याने ना पळू शकतो ना प्रतिकार करू शकतो. कुत्र्याच्या शिकवणुकीत उणीव आहे असं नाही. आधी रस्ता सुधारला पाहिजे, आणि तो सुधारला तर फायदा पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या प्रत्येकाला होईल.

काठीचा विषय निघालाच आहे तर, कुत्रा मिळाला म्हणजे काठी सुटली असं होत नाही. काठीने एकट्याने फिरता येणं, दिशा आणि चौक ओळखता येणं, ही गाइड डॉग मिळण्याची पहिली अट असते. कुत्रा आजारी पडला की त्या दिवशी काठीच.

घरातलं वेळापत्रक

बहुतेक गाइड डॉग लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, या दोघांचा संकर किंवा जर्मन शेफर्ड असतात. पिल्लू सात-आठ आठवड्यांचं झालं की एखाद्या स्वयंसेवी कुटुंबात वाढतं. साधारण सव्वा वर्षाचं झालं की शाळेत परत येतं, तिथे चार ते सहा महिने शिकतं आणि मग दोन ते चार आठवडे त्या विशिष्ट माणसाबरोबर. जोडी जुळवताना माणसाचा चालण्याचा वेग, त्याला किती ओढ झेपते, तो गजबजलेल्या शहरात राहतो की निवांत गावात, हे सगळं बघतात. त्यासाठी प्रशिक्षक स्वतः हार्नेस हातात धरून कुत्र्यासारखे पुढे चालतात आणि माणूस मूठ धरून मागे येतो. अमेरिकेतल्या शाळांत या चाचणीला ‘जूनो’ म्हणतात. सीइंग आय पहिल्या कुत्र्यासाठी १५० डॉलर घेते. कुत्रा तयार करायला लागणारा खर्च याच्या अनेक पट असतो, तो देणग्यांतून भागतो.

घरी आणल्यावर पहिले काही आठवडे कुत्र्याला घरभर मोकळं सोडत नाहीत. दोरी हातात किंवा खुर्चीला बांधलेली, झोपायला पलंगाशेजारी ठरलेली जागा. अंध माणसाला कुत्रा कुठे आहे आणि तोंडात काय आहे हे कळलं पाहिजे म्हणून हे. पुढे गळपट्ट्याला छोटा घुंगरू बांधला की आवाजावरून ठिकाण कळतं.

शी-शूचं वेळापत्रक हा सगळ्या दिनक्रमाचा कणा. दिवसातून चार-पाच वेळा बाहेर: उठल्याउठल्या, दोन्ही जेवणांनंतर, दुपारी आणि झोपण्याआधी. हार्नेस काढलेला, कारण हार्नेसमध्ये हे करायचं नाही अशी शिकवण असते. जागा ठरलेली, शब्दही ठरलेला, ब्रिटनमध्ये तो ‘बिझी बिझी’ असतो. ‘न बघता उचलता कसं?’ असा प्रश्न बरेच जण विचारतात. कुत्रा दोरीच्या टोकाला गोल फिरून थांबला की माणूस दोरीवरून हात सरकवत त्याच्या पाठीपर्यंत नेतो. पाठ कमानीसारखी वर आली असेल तर शी, सपाट किंवा मागे उतरती असेल तर शू. शी असेल तर माणूस एका पायाचं टोक कुत्र्याच्या मागच्या बाजूकडे करतो आणि मग तो पाय जागचा हलवत नाही. कुत्रा बाजूला झाला की पिशवी हातमोज्यासारखी हातावर चढवून पायाच्या टोकापासून पुढे चाचपतो, ऊब लागते तिथे उचलतो आणि पिशवी उलटी करून गाठ मारतो. हे एका मिनिटाचं काम आहे आणि त्यातच तब्येतीचाही अंदाज येतो. शी पातळ आहे हे पिशवीतून हाताला लगेच कळतं.

जेवण दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. २८-३० किलोच्या लॅब्राडॉरला कोरडं खाणं दिवसाला साधारण ३०० ते ४०० ग्रॅम लागतं. नक्की आकडा त्या खाण्याच्या पाकिटावर आणि कुत्र्याच्या कामावर ठरतो. वाटीने मापलं की रोज थोडं जास्त पडतं, म्हणून बोलणारा वजनकाटा वापरतात. शिकवताना दिलेले दाणेही त्यातूनच वजा करायचे. फासळ्यांवरून हात फिरवला की त्या हाताला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून बघणाऱ्याला कंबर दिसली पाहिजे. वजन वाढलं की खुब्याचे आणि कोपराचे सांधे लवकर झिजतात आणि कामाची वर्षं कमी होतात.

लॅब्राडॉर सतत भुकेला का, याचं उत्तर काही अंशी जनुकांत आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की सुमारे चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. त्यांनी तपासलेल्या मदतनीस लॅब्राडॉरमध्ये हे प्रमाण चारात तीनच्या आसपास निघालं. खाऊसाठी मन लावून शिकणारा कुत्रा शाळेत पुढे येतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नकळत हीच कुत्री निवडली गेली असावीत. म्हणजे ज्या गुणामुळे तो शिकतो, त्याच गुणामुळे रस्त्यावरचं हाडूक त्याला सोडवत नाही. टेबलाखालून कुणी पोळीचा तुकडा दिला तर काय बिघडलं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एकदा तुकडा मिळालेल्या हॉटेलात तो पुढच्या खेपेला लक्ष जमिनीवर ठेवूनच शिरतो, आणि त्याचं लक्ष जमिनीवर असताना माणसाचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो.

मराठी घरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मारतात, द्राक्षं आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिऱ्यातले बेदाणे, कांदाभजी, लसणाची फोडणी घातलेली आमटी, यातलं काहीही प्रेमाने पुढे करू नये. चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममधलं झायलिटॉलही विषारीच.

रोज दहा मिनिटं विंचरणं हीच रोजची तपासणी. कानाला आंबूस वास येतोय का, पंजाच्या गादीला भेग आहे का, गळपट्ट्याखाली गोचीड लागते का, सगळं बोटांनी आणि नाकाने बघायचं. उन्हाळ्यात डांबर तापलं की हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघावी. हात ठेववत नसेल तर पंजेही भाजणार. तेव्हा पायात बूट घालायचे किंवा वेळ बदलायची. न्यू जर्सी, शिकागोसारख्या ठिकाणी हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ पंजात झोंबतं, घरी आल्यावर कोमट पाण्याने धुऊन बोटांच्या मधली जागा पुसायची. सरकत्या जिन्याच्या दातांत नखं आणि केस अडकतात, त्यामुळे लिफ्ट किंवा साधा जिना.

दुकान, विमान, देऊळ

अमेरिकेत अपंगांच्या हक्कांसाठीच्या १९९० च्या एडीए कायद्यानुसार सर्व्हिस डॉगला दुकान, हॉटेल, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी प्रवेश आहे. अपंगत्व आणि त्यातलं काम उघड दिसत नसेल तर कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. ओळखपत्र मागता येत नाही, जास्तीचे पैसे घेता येत नाहीत, ‘दुसऱ्या गिऱ्हाइकाला कुत्र्याची भीती वाटते’ हे कारणही चालत नाही. पण कुत्रा आवरेनासा झाला किंवा त्याने आत घाण केली तर बाहेर न्यायला सांगता येतं. नुसत्या सोबतीने धीर देणारा पाळीव कुत्रा या व्याख्येत बसत नाही. इंटरनेटवर विकत मिळणाऱ्या ‘सर्टिफिकेट’ला कायद्यात शून्य किंमत आहे. ‘सर्व्हिस डॉग’चं जाकीट नुसतं चढवून आणलेला भुंकणारा कुत्रा दुकानात खऱ्या गाइड डॉगवर धावून जातो, तेव्हा भोगावं लागतं ते अंध माणसाला. त्या एका प्रसंगाने घाबरून काही कुत्री कामातून कायमची बाद होतात. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्याने टॅक्सीवाल्यांनाही अशा कुत्र्याला जादा भाडं न घेता नेणं बंधनकारक केलं आहे.

एडीए धार्मिक संस्थांना लागू नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या देवळात काय करायचं हे तिथल्या विश्वस्तांनी ठरवायचं असतं. ज्यांच्या घरी दत्ताची तसबीर आहे त्यांना त्याच्या पायाशी बसलेली चार कुत्री वेगळी दाखवायला नकोत. विश्वस्तांशी आधी बोलून सभामंडपात भिंतीकडेची एक जागा ठरवली, पंजे पुसून आत आणलं, तर अंध भक्ताला आरतीला एकटं यायला काहीच अडचण नाही.

विमानात ११ जानेवारी २०२१ पासून अमेरिकेच्या नियमाने सर्व्हिस अ‍ॅनिमल म्हणजे फक्त कुत्रा. विमान कंपनी ४८ तास आधी ठरावीक फॉर्म मागू शकते, आणि आठ तास किंवा त्याहून लांबच्या प्रवासाला शी-शूबद्दलचा दुसरा फॉर्मही मागू शकते. कुत्रा पायांपाशी मावला पाहिजे. निघण्याआधी खाणं नेहमीपेक्षा कमी देतात, पाणी थोडं थोडं. भारतात यायचं तर प्राणी विलगीकरण विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. परतीचे कागद मात्र अमेरिकेतून निघण्याआधीच करून घ्यावेत, कारण भारत रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत आहे. अमेरिकेच्या १ ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमांत मायक्रोचिप, किमान सहा महिने वय आणि लसीकरणाचा सरकारी दाखला या अटी आहेत. दाखला आधी घेतला नसेल तर परतताना गाडं अडतं.

वाटेत भेटलात तर

बोलायचं ते माणसाशी. कुत्र्याच्या डोळ्यांत बघणं, चुचकारणं, शीळ घालणं, ‘किती गोड’ म्हणत हात लावणं, यातलं काहीही चौकाच्या कडेवर घडलं तर त्या दोन सेकंदांत वळणारी गाडी त्याच्या नजरेतून सुटते. नावही विचारू नये. बरेच जण अनोळखी माणसाला खोटंच नाव सांगतात, कारण खऱ्या नावाने पलीकडच्या फूटपाथवरून कुणी हाक मारली तर कुत्रा वळून बघणारच. तुमचा स्वतःचा कुत्रा बरोबर असेल तर त्याला जवळ घ्या आणि दोरी आखूड धरा.

मदत करायची असेल तर उजव्या बाजूने जाऊन ‘मदत हवी आहे का?’ असं विचारा. हो म्हटलं तर आपला कोपर पुढे करा. ती व्यक्ती हार्नेसची मूठ सोडून नुसती दोरी धरेल आणि तुमच्याबरोबर चालेल, कुत्रा शेजारून येईल. हार्नेसला किंवा दोरीला हात घालू नका. ते चालत्या गाडीचं स्टिअरिंग परक्याने धरण्यासारखं होतं. रस्ता सांगताना ‘तिकडे’, ‘त्या बाजूला’ म्हणू नका. ‘सरळ दोन चौक, मग उजवीकडे तिसरं दार’ असं सांगा, आणि ते कुत्र्याला नाही, माणसाला.

निवृत्ती

कुत्रा साधारण दोन वर्षांचा असताना काम सुरू करतो आणि आठ ते दहा वर्षांचा झाला की थांबतो. वयाची चाहूल सगळ्यात आधी मुठीत लागते. ओढ हलकी होते, परतीच्या वाटेवर वेग कमी पडतो, कडेच्या एक पाऊल अलीकडेच थांबणं किंवा एक पाऊल पुढे जाणं सुरू होतं. हार्नेस दाखवल्यावर डोकं आत घालायला तो उशीर लावतो. यातलं एक लक्षण पंधरा दिवस टिकलं तर डॉक्टरांना आणि शाळेला कळवायचं असतं. पुष्कळ जण मायेपोटी सहा-सहा महिने काढतात आणि मग एखाद्या चौकात दोघांच्याही जिवावर बेततं.

निवृत्त कुत्रा त्याच घरी पाळीव म्हणून राहू शकतो, ओळखीच्या कुटुंबात जाऊ शकतो किंवा ज्यांनी पिल्लू असताना वाढवलं त्यांच्याकडे परत जातो. त्याच घरी राहणार असेल तर नवा कुत्रा आल्यावर पहिले काही आठवडे दोघांना वेगवेगळ्या वेळी बाहेर काढावं, जेवण वेगळ्या खोल्यांत द्यावं, आणि नव्याला हार्नेस चढवताना जुन्याला दुसऱ्या खोलीत खेळणं देऊन ठेवावं. नाहीतर दाराशी दोघंही हार्नेससाठी डोकं पुढे करतात. नव्या कुत्र्याची मूठ वेगळ्या उंचीवर येते, ओढ वेगळी असते, वळण घ्यायची तऱ्हा वेगळी असते. पाठ झालेले सगळे रस्ते त्याच्याबरोबर पहिल्यापासून चालावे लागतात, आणि दवाखान्याचं दार पुन्हा तीन पावलांवरून शिकवावं लागतं.